एका पेटीतली दोन बिऱ्हाडं

"बोलत का नाही गं तुम्ही? शब्दाला काय भाडं पडतं?"

सासूचा तो आवाज भावजयीच्या कानात अजून आहे, आणि आहे तो शिलाई मशीनच्या खडखडाटासकट. म्हातारीचे पाय पट्टीवर, हात कापडावर आणि ओठांवर काहीबाही. कापडाला अस्तर लावावं तसं ती दिवसाला गाणं लावायची. एकदा तिची लेक आणि सून एकाच खोलीत एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. म्हातारीने सुईच्या तालावर सरळ त्या दोघींनाच ओवलं:

एका घराला दारं दोन, दोघी उभ्या दोन्हीकडे
कोण आधी बोलेल गं, माझा जीव मधे अडे

दोघींपैकी कोणी हसलं नाही. त्या नणंद-भावजया तेव्हाही एकमेकींशी थेट बोलत नसत. मधे तो असायचा, एकीचा धाकटा भाऊ आणि दुसरीचा नवरा. तिला सांग, जेवण वाढलंय. तिला सांग, मला भूक नाही. तिघं एकाच टेबलाशी बसलेली, आणि शब्द मात्र त्याच्या ताटावरून वळसा घेऊन जायचे.

म्हातारी गेली त्या दिवशी मात्र नणंद मोठ्याने बोलली. भावजयीशी नाही, जमलेल्या माणसांशी. भावजयीकडे बोट करून म्हणाली, "हिने माझ्या आईला शेवटपर्यंत माझ्या घरी पाऊल टाकू दिलं नाही."

भावजय तेव्हा पाण्याचं तांब्याभांडं घेऊन दारात उभी होती. नणंदेने आईला कधी बोलावल्याचंच तिच्या कानावर नव्हतं, मग अडवणार कुठून? एकदा कामावरून परतल्यावर तिला म्हातारीची पिशवी दाराशी भरून ठेवलेली दिसली होती खरी. विचारलं तर म्हातारी म्हणाली, जुने कपडे काढतेय, आणि लगेच सुईत दोरा ओवायला लागली. एवढंच. पण चार माणसांत उच्चारलेलं वाक्य कापडावरच्या डागासारखं असतं, धुणाऱ्याचेच हात झिजतात. नातेवाईक यायचे कमी झाले. आलेच तर तिने पुढे केलेला चहा निवेपर्यंत तसाच ठेवायचे. तिला जगाकडून फार काही नको होतं. ते एक वाक्य नणंदेने परत घ्यावं, बास.

पुढे तिला नवी नोकरी लागली ती नेमकी नणंदेच्याच इस्पितळात. नवऱ्याने कपाळावर हात मारला होता.

इस्पितळाच्या तळघरात एक लांबट, थंडगार खोली. तिला दोन टोकांना दोन दारं. एका दाराशी नणंदेचं टेबल आणि तिच्या स्विचांचं कपाट. इमारतीतली झाडून सगळी केबल तिथे येऊन मिळायची, निळ्या-पिवळ्या वेण्या घालून. दुसऱ्या दाराशी भावजयीचं टेबल आणि तिच्या सर्व्हरचं कपाट. मधे पंख्यांची घरघर. दोघी आपापल्या दाराने येत आणि आपापल्या दाराने जात.

भावजयीचा सर्व्हर म्हणजे लोखंडाची एकच पेटी, पण तिच्यात बरीच बिऱ्हाडं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. अंगाने ती कुठेच नसतात, पण प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र संगणक आहोत. त्यातलं एक बिऱ्हाड प्रयोगशाळेचं होतं आणि त्याला चिकटूनच दुसरं वॉर्डांचं. रक्ताचा रिपोर्ट पहिल्यात तयार व्हायचा आणि दुसऱ्यात दिसायला हवा होता. दोघांमध्ये बोटभरही अंतर नाही. तरी पहिल्याने दुसऱ्याला सरळ हाक मारायची नाही असा नियम. कारण इस्पितळाच्या तारा एकच असल्या तरी नणंदेने त्यांच्यावर वेगवेगळ्या चुली मांडल्या होत्या. त्यांना व्हीलॅन म्हणायचं. प्रयोगशाळेची चूल वीस नंबरची, वॉर्डांची तीस नंबरची. विसातल्याला तिसाकडे जायचं असेल तर त्याने पेटीबाहेर पडायचं, केबलवरून नणंदेच्या स्विचमध्ये यायचं, तिथून राउटरकडे जाऊन परवानगी घ्यायची आणि परत त्याच पेटीत, शेजारच्या बिऱ्हाडात उतरायचं. भावजयीने हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा तिला नवऱ्याचं ताट आठवलं होतं.

भांडण होतं ते पेटीतून स्विचपर्यंत जायचं कसं, यावर.

भावजयीचं म्हणणं, एकाच केबलवरून सगळ्यांनी जावं. निघतानाच प्रत्येकाच्या कपाळावर नंबर चिकटवायचा, टॅग. स्विचने टॅग वाचून ज्याला त्याला त्याच्या चुलीवर पोचवावं. त्यासाठी नणंदेने तिच्या बाजूचं पोर्ट, म्हणजे केबल शिरते ते तोंड, सगळ्या नंबरांना खुलं करायला हवं, ज्याला ट्रंक म्हणतात तसं. पेटीला केबलची तोंडं चारच, आणि उद्या एक्स-रेवाले आले, परवा औषधाचं दुकान आलं, तर तोंडं आणायची कुठून?

नणंदेचं म्हणणं उलटं. ज्याची त्याची केबल वेगळी. विसाची वेगळी, तिसाची वेगळी, टॅग नको. कारणही तिने मेलमध्ये लिहून टाकलं होतं, सगळ्यांना प्रत पाठवून: टॅग लावणार सर्व्हरवाले, म्हणजे कोणाला कोणाच्या घरात सोडायचं ते त्यांच्या हाती, आणि त्या हातांचा भरवसा काय?

त्या हातांचा. भावजयीने ते दोन शब्द इतक्यांदा वाचले की पडदा बंद केला तरी दिसायचे.

पूर्वी असं काही झालं की नवरा मधे पडायचा. पण गेल्या महिन्यात त्यानेही हात वर केले होते. रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, तुमच्या बहिणीला सांगा टॅगशिवाय गत्यंतर नाही. तेवढ्यात बहिणीचा फोन आला, की तुझ्या बायकोला सांग टॅग होणार नाही. शाळेत चित्रकला शिकवणारा तो साधा माणूस. त्याने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाला, मी नवरा आहे, भाऊ आहे, पण टपाल खातं नाही. आजपासून निरोप बंद.

आणि आज इकडे घोडं अडलं होतं. प्रयोगशाळेचा जुना संगणक धापा टाकत होता, तो सकाळीच कायमचा बंद केला गेला. व्यवस्थापकाने कालच दोघींना उभं करून बजावलं होतं की आज दुपारपर्यंत वॉर्डात रिपोर्ट दिसले नाहीत तर हे काम बाहेरच्या कंपनीला जाईल, आणि वर पाठवायच्या अहवालात चूक कोणाची ते नावानिशी लिहिलं जाईल. नणंद जुनी, मुरलेली. भावजय अजून कायमसुद्धा झालेली नव्हती. कोणाची खुर्ची उचलायला हलकी आहे ते शिपायालाही कळत होतं. एकदा न केलेल्या गोष्टीचा ठपका तिने कपाळी घेतला होता. पुन्हा घ्यायचा नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून ती आज सगळ्यांच्या आधी आली होती. वाद जिंकून खुर्ची जाणार असेल तर तो वाद काय चुलीत घालायचा? दात-ओठ खात तिने नणंदेच्या मेलमधलं सगळं जसंच्या तसं केलं. दोन्ही मशीनचे टॅग काढले. प्रयोगशाळेला पहिली केबल दिली, वॉर्डांना दुसरी. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे नणंदेच्या टेबलाशी जाऊन म्हणायचं, तुमचं ऐकलं. त्यापेक्षा जीभ चावलेली बरी. चालू झालं की कळेलच आपोआप, असा तिचा हिशेब.

पण चालू झालं नाही.

संगणकांची एक साधी हाक असते. एकाने विचारायचं, आहेस का? दुसऱ्याने म्हणायचं, आहे. प्रयोगशाळेच्या मशीनने हाक मारली. उत्तर नाही. वॉर्डांच्या मशीनने मारली. तिलाही नाही. शेजाऱ्याचं तर राहोच, वरच्या राउटरलाही ऐकू जात नव्हतं. हाक पेटीतून निघत होती, केबलवर दिसत होती, आणि स्विचमध्ये शिरून नाहीशी होत होती.

भावजयीच्या डोक्यात तिडीक गेली. आपण यांच्या शब्दाबाहेर एक पाऊल टाकलं नाही, आणि यांनी दार लावून घेतलं. ती उठली आणि खोलीची लांबी ओलांडून नणंदेच्या टेबलापर्यंत गेली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.

"केबल बंद ठेवलीत का?"

नणंदेने मान वर केली नाही. "दिवा हिरवा आहे. डोळे असतील तर दिसेल."

"दिवा दिसतोय. स्विचमध्ये काय करून ठेवलंय ते दाखवा."

"माझ्या स्विचमध्ये डोकवायचं तुला काम नाही. तू तुझी पेटी दाखव."

पेटी दाखवायची म्हणजे टॅग काढलेले दिसणार, माघार घेतलेली दिसणार. भावजय म्हणाली, पेटीत काही खोट नाही. नणंद म्हणाली, स्विचमध्येही नाही. आणि दोघी आपापल्या पडद्यावर हात आडवा धरावा तशा उभ्या राहिल्या. नणंदेचा चेहरा उतरलेला होता, हे भावजयीला दिसलं, पण रागाच्या भरात तिने त्याचा अर्थ लावला तो सोयीचाच. चोरी पकडली गेली की माणूस असाच दिसतो.

मग ती नको ते बोलली. म्हणाली, माणसांसमोर दुसऱ्याच्या माथी मारायची तुम्हाला जुनी सवय आहे.

"आणि तुला आतल्या आत कारस्थानं करायची," नणंद म्हणाली. "माझ्या भावाच्या घरात तेच केलंस. इथेही तेच."

एवढ्यात वॉर्डाची मुख्य परिचारिका धापा टाकत खाली आली. सकाळपासून रिपोर्टचे कागद हातोहात वर जात होते, आणि तिच्या मुली जिने चढून-उतरून अर्धमेल्या झाल्या होत्या. वर एका बाईंचं ऑपरेशन रक्ताच्या रिपोर्टसाठी खोळंबलं होतं. तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"भांडता तुम्ही खाली बसून, आणि गुडघे जातात आमचे," ती म्हणाली, आणि व्यवस्थापकालाच घेऊन आली.

व्यवस्थापक मितभाषी माणूस. त्याने दोघींचं ऐकून घेतलं नाही, कारण दोघी एकदमच बोलत होत्या. नणंद सांगत होती की हिने पेटीत काहीतरी उपद्व्याप केलाय. भावजय सांगत होती की यांनी स्विच मुद्दाम अडवलाय, म्हणजे ठपका माझ्यावर यावा. त्याने दोन खुर्च्या ओढल्या, दोन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर शेजारी ठेवायला लावले आणि म्हणाला, उघडा.

कोणीच उघडेना. शेवटी त्यानेच नणंदेच्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. तिने ओठ आवळून पासवर्ड टाकला.

भावजय वाकून बघायला लागली. पेटीतून येणारी दोन्ही पोर्टं. तिला वाटलं होतं बंद असतील, नाहीतर भलत्याच नंबरावर टाकलेली असतील. पोर्टं ट्रंक होती. दोन्ही खुली, वीसही आणि तीसही येऊ देणारी, अगदी भावजय आठवडेच्या आठवडे मागत होती तशी. आणि खाली नियम लिहिलेला: टॅग नसलेलं जे येईल ते एका रिकाम्या नंबरात टाकायचं. त्या नंबरात कोणीच राहत नव्हतं. सकाळपासूनच्या तिच्या सगळ्या हाका त्या ओसाड घरात जाऊन पडल्या होत्या.

बदल केल्याची वेळ कोपऱ्यात दिसत होती. काल संध्याकाळ, भावजय घरी गेल्यानंतरची.

"आता तुमचं," व्यवस्थापक भावजयीला म्हणाला. तिने उघडलं. टॅग कुठेच नव्हते. दोन मशीन, दोन वेगळ्या केबल, नणंदेच्या मेलमध्ये होतं तसंच, शब्दाला शब्द.

व्यवस्थापकाने एकदा या पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या. मग चष्मा काढून तो पुसायला लागला, जरा जास्तच वेळ. परिचारिकेला तंत्र कळत नव्हतं, तिने विचारलं झालं तरी काय. तो म्हणाला, काल हिने तिचं ऐकलं, आज तिने हिचं ऐकलं, आणि दोघींनी एकमेकींना कळू दिलं नाही.

परिचारिका फसकन हसली. त्या दोघी हसल्या नाहीत. वाटलं होतं की राग ओसरेल, पण तो उलट उफाळला. भावजयीला आपण उघड्यावर पडल्यासारखं झालं. ऐकायचंच होतं तर आधी का नाही ऐकलं, ती म्हणाली, माझे आठवडे गेले, माझी झोप गेली. नणंदही चवताळली. रोज टॅग टॅग करत माझं डोकं खाल्लंस, आणि मी पोर्ट उघडल्यावर नेमके टॅग काढलेस?

"मला स्वप्न पडणार होतं का, तुम्ही पोर्ट उघडलंत म्हणून?"

"तोंड होतं ना तुला? विचारायचं."

"तुम्हाला नव्हतं?"

व्यवस्थापकाने टेबलावर थाप मारली. कोणीतरी एकीने परत फिरावं, एवढंच तो म्हणाला.

भावजयीने टॅग परत लावले. विसाला वीस, तिसाला तीस. रागातही नंबर चुकला नाही. मग तिने प्रयोगशाळेकडून हाक मारली. आहेस का? ती हाक पेटीतून निघाली, निळ्या केबलवरून नणंदेच्या कपाटात शिरली, राउटरला वळसा घालून परत त्याच पेटीत आली आणि भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाने उत्तर दिलं. आहे. परिचारिकेने वर फोन लावला. वॉर्डातून ओरडून सांगितलेलं खोलीभर ऐकू आलं: दिसला, बाईंचा रिपोर्ट दिसला. ती पदर खोचून जिन्याकडे पळाली.

व्यवस्थापक उठला नाही. वर अहवाल पाठवायचा होता, आणि त्यात एक नाव भरायचं होतं. त्याने पेन काढलं. अर्धा दिवस काम अडलं, चूक कोणाची लिहू?

हीच ती वेळ. भावजयीला ते जुनं दार आठवलं, हातातलं तांब्याभांडं आठवलं, सगळ्यांच्या वळलेल्या माना आठवल्या. नणंदेने नुसतं गप्प राहायचं होतं. व्यवस्थापकाने आपोआप हलक्या खुर्चीकडे पाहिलं असतं. भावजयीने उत्तरं जुळवायला घेतली: तुमचाच मेल, तुमचेच शब्द, माझ्याकडे प्रत आहे.

"माझी लिहा," नणंद म्हणाली.

व्यवस्थापकाने वर पाहिलं.

"लेखी हुकूम माझा होता. तो मीच फिरवला आणि हिला कळवलं नाही. हिने तर मी सांगितलं तेच केलं. माझं नाव लिहा."

त्याने लिहिलं. जुन्या माणसाच्या नावाने फार काही बिघडत नाही, असं काहीसं पुटपुटत तो निघून गेला.

खोलीत दोघीच उरल्या. पंखे घरघरत होते. हिरवे दिवे आता एका लयीत लुकलुकत होते, शिलाई मशीनची सुई खालीवर व्हावी तसे. भावजय आपल्या टेबलाकडे वळली, आणि चार पावलांवर थांबली. तिला आभार मानता येईनात. आभारांऐवजी तोंडात कडूच आलं.

"माझ्यावर उपकार नकोत."

"उपकार नाहीत. जे झालं ते सांगितलं."

"खरं सांगायची सवय कधीपासून लागली तुम्हाला, ताई?"

ताई हा शब्द इतक्या दिवसांत पहिल्यांदा निघाला, आणि निघाला तोही चाबकासारखा. नणंदेने तो अंगावर घेतला. ती आपल्या दाराशी जाऊन उभी राहिली, कडीवर हात ठेवून. भावजयीला वाटलं, आता ही जाणार. जाऊ दे. नेहमीसारखी जाऊ दे आपल्या दाराने.

कडी उघडली नाही. नणंद दाराकडे तोंड करूनच बोलली, आणि पंख्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून तिला ते जरा मोठ्यानेच बोलावं लागलं.

"आईला न्यायला मी आले होते. तू कामावर होतीस. तिची पिशवी मीच भरली, दाराशी नेऊन ठेवली. चपला पायाशी आणून ठेवल्या. ती मशीनवरून उठलीच नाही. म्हणाली, तू येत जा, पण मला न्यायला येऊ नकोस. मी इथे सुखात आहे."

मग ती वळली.

"तू नाही अडवलंस तिला. तिलाच माझ्याकडे यायचं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी खोटं बोलले."